दारावरची पाटी

टकळीला सगळे टकळी म्हणत, कारण तिचं तोंड बंद असे ते फक्त झोपेत. तिची आई मात्र दिवसभर दुसऱ्यांचं ऐके. आई हेल्पलाइनवर फोन घ्यायची; मार खाल्लेल्या बायका, घाबरलेली मुलं तिला फोन करत. "बोला, मी ऐकतेय," हे तिचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. टकळी त्याची अशी हुबेहूब नक्कल करी की आत्या हसून हसून लोळे.

सहा महिन्यांपूर्वी जेवताना आई घास हातातच धरून म्हणाली होती, "आज एक मुलगी फोनवर नुसती श्वास घेत होती..."

"झालं सुरू!" बाबा म्हणाले. "अगं, जेवताना तरी नको."

"वहिनी, तुम्ही किती खंबीर! तुम्हीच रडायला लागलात तर कसं व्हायचं?" आत्याने री ओढली.

मग काय, टकळीच्या अंगात आलं. लाल स्केचपेनने तिने झोकात पाटी रंगवली आणि दाराला बाहेरून डकवली: 'चपला आणि रडगाणी बाहेरच काढावीत!' शेजाऱ्यांनी कौतुक केलं. आईसुद्धा हसली. तेव्हापासून ती हसतच घरी येऊ लागली. फक्त अर्धा तास उशिरा. बस मिळत नाही, म्हणे.

मंगळवारी क्लास लवकर सुटला. टकळी गाणं म्हणत जिना चढत होती, आणि वळणावर गाणं थांबलं. तिसऱ्या मजल्याच्या अलीकडे, पायरीवर आई. तोंडात ओढणीचा बोळा. खांदे हलत होते, आवाज नव्हता. मग तिने डोळे पुसले, मोबाइलच्या काळ्या काचेत बघितलं आणि हसून पाहिलं. जमलं नाही. पुन्हा हसून पाहिलं.

"आई?"

आई दचकली. "आलेच गं! झालंच माझं, दोन मिनिटं."

टकळीच्या लक्षात आलं. बस कसली? आई रोज पाटी पाळत होती!

ती धडाधड वर गेली, पाटी ओरबाडली, खाली येऊन आईला चिकटून बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला शब्द सुचेनात. शेवटी, नक्कल न करता, म्हणाली, "बोल. मी ऐकतेय."

"त्यांचं दुःख तुला नाही सांगायचं, राणी. ते त्यांचं आहे. आणि तू लहान आहेस."

"मग नको सांगू. पण 'आज जड गेलं' एवढं तरी म्हण ना!"

आईने ओढणीचा बोळा उलगडला. मग म्हणाली, "आज जड गेलं." आणि हळूच, "कालही."

"ऑफिसात सांगतेस कुणाला?"

"साहेब म्हणतात, रडायचं असेल त्याने हेडफोन खाली ठेवावा, घरी बसावं."

"म्हणजे तिथेही पाटी!"

दुसऱ्या दिवशी आईने साहेबांसमोर खरंच हेडफोन ठेवला. "काम सोडणार नाही. पण आठवड्यातून एक तास आमचं ऐकणारं माणूस हवं. मला जड जातंय."

"तुम्हालासुद्धा?" साहेब चकित झाले.

"मला तर दोन वर्षं जातंय," शेजारच्या खुर्चीवरची बाई म्हणाली. मग तिसरी बोलली. शुक्रवारचा तास ठरला.

दारावर चिकटपट्टीचे चार डाग राहिलेत. बाबा खाली मान घालून म्हणाले, "रंग मारून टाकू."

"नको," टकळी म्हणाली. "मला दिसू देत."

दुसऱ्यांचं दुःख ऐकून कुणी तुमच्याही घरी परतत असेल. एकदा दाराबाहेर उभं राहून वाचा, तुम्ही काय डकवलंय ते.