गज तळाला लागेना

खंडेनवमीच्या सकाळी अमरसिंहांनी नेकनूरला गाडी पाठवून मला युसूफ वडगावला बोलावून घेतलं. मी वाचनालयातून निवृत्त झालेला माणूस. जुन्या हत्यारांवरची पुस्तकं पुष्कळ वाचली, हत्यारं मात्र फार हाताळलेली नाहीत. हे फोनवर सांगणार होतो, पण "गाडी निघाली, आप्पा" म्हणून त्यांनी फोन ठेवलासुद्धा.

देवघरासमोर पाटावर ती आडवी ठेवली होती. ठासणीची बंदूक, नळी जेमतेम हातभर. अशा आखूड बंदुकीला जुन्या कागदांत कराबीन म्हणतात. घोड्यावर बसून वापरायची. निजामाच्या घोडदळात असलेल्या पणजोबांची ती, असं त्या घरात सांगत आले होते. दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मिरवणुकीत ती सगळ्यांच्या पुढे राहणार होती. आणि अमरसिंहांचे मेहुणे रवि यांनी गावभर उठवलं होतं, की ही भिंतीवर टांगायला बनवलेली नक्कल आहे.

"आप्पा, तुमी फक्त सांगा. खरी हाय का न्हाई," अमरसिंह म्हणाले. "खोटी निघाली तर आत्ता हिरीत टाकतो."

"दाजी, हिरीचं पानी कावून नासवता? भंगारात द्या की," रवि म्हणाले.

अमरसिंहांच्या आई, विमलबाई, पूजेचं ताट घेऊन बसल्या होत्या. त्यांची नात प्रियदर्शनी नळीच्या तोंडासमोर गुडघे टेकून मोबाईलवर चित्रण करत होती. 

चाप गंजून बसला होता. नळीच्या बुडाशी, बाजूला, बत्ती द्यायचं बारीक भोक होतं. दस्ता जुना वाटला, पण लाकूड जुनं दिसावं म्हणून काय काय करतात तेही मी वाचलं होतं. शेवटी बंदुकीचा गज, म्हणजे ठासायची लोखंडी सळई, मागितला. गज नळीत जाईल तेवढा सोडायचा, तोंडाशी बोटानं धरायचा, मग बाहेर काढून नळीच्या बाजूला लावून बघायचा. नळी बुडापर्यंत पोकळ असेल, तर तो त्या भोकाशी पोचतो.

गज चार बोटं आधीच थांबला. मी पुन्हा सोडला. पुन्हा तिथंच.

"आतून पुरी पोकळ दिसत नाही," मी म्हणालो. "शोभेच्या नकला बऱ्याचदा अर्ध्याच कोरतात. म्हणजे, माझं चुकतही असेल."

शेवटचं वाक्य कुणी ऐकलं नसावं. अमरसिंहांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"बोललो न्हाई का मी!" रवींनी ताटातली पेटती उदबत्ती उचलली. "आता देतोच बत्ती. पनजोबाची असंल तर बोलंल!"

"मामा, थांबा ना, जवळून घेते," म्हणत प्रियदर्शनी आणखी पुढे सरकली.

मी गज रुमालानं पुसत होतो. रुमालावर काळं उमटलं. टोकाला लाल धागा अडकला होता. मग आठवलं, गज आत टेकला तेव्हा आवाज झालाच नव्हता. भरीव लोखंडावर आपटला असता तर खणकला असता. मी आपलं कान कमी झाले असं समजलो होतो.

"विमलबाई, पूजेला हिच्यात काही घालता का?"

माझा आवाज मुळात बारीक. दुसऱ्यांदा विचारावं लागलं.

"चिमूटभर बंदुकीची दारू," भाजीत मीठ किती ते सांगावं तशा त्या म्हणाल्या. "वरून खनाची चिंधी, गजानं दाबून. दर नवमीला. सासूबाईंपास्नं हाय. रिकामं हत्यार पुजायचं न्हाई."

"आणि काढता कधी?"

"देवाला दिल्यालं कुनी काढतं व्हय?"

काळी दारू कोरडी राहिली तर माणसापेक्षा जास्त जगते, हे मी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं. कुठल्या, ते आठवेना. खरं होतं का, तेही कळेना.  रवि उदबत्तीवर फुंकर मारत वाकले. मी पुढे पडलो आणि अंगठा त्या भोकावर दाबून धरला.

उदबत्ती नखाच्या मुळाशी टेकली.

"आवो आप्पा! येड लागलं का? बोट भाजलं की!"

"ठासलेली आहे," मी म्हणालो. "पोरीला बाजूला घ्या."

 प्रियदर्शनीनं मोबाईल खाली केला, समोरच्या काळ्या तोंडाकडे पाहिलं आणि बसल्या बसल्याच हळूहळू बाजूला सरकली. रवींनी उदबत्ती पाण्याच्या तांब्यात बुडवली. नंतर ते बाहेर ओसरीवर जाऊन बसले, ते पूजा होईपर्यंत आत आले नाहीत.

आम्ही बादली आणून नळीत पाणी भरून ठेवलं. मग अमरसिंहांनी तारेच्या आकड्यानं एकेक चिंधी ओढून काढली. वरच्या लाल, हिरव्या, खालच्या नुसत्या काळ्या. मध्ये चिखलासारखी दारू. ती निघतच राहिली. सगळं निघाल्यावर गज सोडला. तो भोकापर्यंत गेला आणि खणकला.

"म्हंजे खरी!" अमरसिंह ओरडलेच.

इथं गप्प बसणं मला सोपं होतं.

"शोभेची नक्कल नाही, बहुतेक," मी म्हणालो. "पण तोंडाशी करवतीच्या खुणा आहेत. लांब नळीची बंदूक नंतर कुणीतरी कापून आखूड केलेली दिसते. कराबीन नसावी. एखाद्या शिकाऱ्याचीही असेल."

"मग मी मिरवनुकीत काय सांगू?"

"ठाऊक नाही, असं सांगा."

त्यांनी नळीच्या तोंडावरून बोट फिरवलं. खुणा लागल्या असाव्यात. बोट परत तिथंच गेलं. विहिरीचं नाव मात्र त्यांनी पुन्हा काढलं नाही.

विमलबाईंनी या वर्षीची दारू चिमटीत घेतली होती.

"आप्पा, तुमी लई वाचल्यालं हाय," त्या म्हणाल्या. "रिकामी पुजली तर चालंल का?"

असं कुठल्याच पुस्तकात मी वाचलं नव्हतं.

"चालेल," मी म्हणालो.

त्यांनी चिमूट बादलीत झटकली, बोटं पदराला पुसली आणि ओल्या नळीला कुंकू लावलं.