धवळ्याच्या गळ्यातली घुंगरमाळ

मित्रांनो, बैलाचा दागिना काढून ट्रॅक्टरला घालणाऱ्या माणसाला काय म्हणावं? बानूबाईंच्या धाकट्या लेकाने, इंद्रजितने, तेच केलं.

मी एक जुनी घुंगरमाळ आहे, पितळी, एकवीस घुंगरांची. इंदापूरच्या बाजारात बानूबाईंनी माझं एकेक घुंगरू कानाशी वाजवून पाहिलं होतं. दोन बद्द निघाली, ती दुकानदाराला चार शब्द सुनावून बदलून घेतली. तेव्हापासून मी त्यांच्या छकड्याच्या बैलाच्या, पांढऱ्याशुभ्र धवळ्याच्या, गळ्यात होते. थंडीत सकाळी कालव्याकाठी असं धुकं पडायचं की छकड्यावरून धवळ्याची शिंगंही दिसायची नाहीत. पण धुक्यात वारा पडलेला असतो, रान गप्प असतं. माझा आवाज दोन शेतं ओलांडून जायचा. उसाचे ट्रॅक्टरवाले कडेला थांबायचे. "बानूबाईचा छकडा हाय, जाऊ दे म्हातारीला," म्हणायचे. एवढा माझा मान.

यंदा इंद्रजितने नवा ट्रॅक्टर आणला आणि मला बोनेटवर बांधलं.

"अन् धवळ्याला धुक्यात काय?" बानूबाईंनी विचारलं.

"आई, माझ्या गाडीला चार लाइटी हायेत की. मला दिसंल."

वर ट्रॅक्टरवरच्या गाण्यांचा तो दणदणाट. मी वाजते की नाही, माझं मलाच कळेना.

मग जानेवारीतली ती सकाळ आली. इंद्रजितने ट्रॅक्टरची अप्पर लाइट लावली. सगळा उजेड धुक्यावर आपटून त्याच्याच डोळ्यांत परत आला. धुक्यात वेगही कळत नाही, आपण हळूच चाललोय असं त्याला वाटलं. पुढे काहीतरी पांढरट हललं. धुक्यात जवळचंही लांब दिसतं, त्यालाही ते लांब वाटलं. तो समोरून छकडा ओढत येणारा धवळ्या होता. माझ्याविना मुका.

बानूबाई छकड्यात मागे कडब्यावर बसल्या होत्या म्हणून वाचल्या. धवळ्याचे पुढचे पाय मोडले. दुपारपर्यंत तो गेला.

मित्रांनो, वस्तू जिथं कामाची, तिथंच तिला सांभाळा. शोभेला बांधून जपल्याचा आव आणू नका.

धडक बसली तेव्हा इंद्रजित एवढंच म्हणाला, "आई, दिसलाच न्हाय गं."

"आदी ते गाणं बंद कर," बानूबाई म्हणाल्या. मग बोनेटवरची माझी गाठ सोडून त्यांनी मला त्याच्यापुढं धरलं. "धुक्यात डोळं न्हाय, कान लागत्यात. कान देवानं तुला दिलं व्हतं, अन् घुंगरं बांधलीस ट्रॅक्टरला. आता ही माळ तुझ्याच गळ्यात घाल. तू आलास की लोकांना बाजूला तरी व्हता येईल."