कवळीतले किडे

बुधवार पेठेतल्या त्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. लवंगबाबा दातातले किडे काढत होते. आधी हिरडीवर मंत्रवलेल्या लवंगतेलाचा बोळा. मग पाण्याच्या परातीत तापलेली वीट, तिच्यावर कसल्याशा बिया. रोग्याने चादरीखाली वाकून आ वासायचा, की परातीत पांढरे किडे हजर. लाळेचं ते पाणी लोक तीर्थ म्हणून डोळ्यांना लावत होते. आयुष्यभर दातांचा दवाखाना चालवलेल्या मंदाकिनीबाईंनीही नाकाला पदर लावला.

त्या आल्या होत्या शेजारच्या रुपालीसाठी. रुपाली खराडीत आयटीत नोकरीला. मांडीवर तिची तीन वर्षांची लेक अवनी, गाल टम्म सुजलेला, अंग तापलेलं.

"काकू, बोळा ठेवला आणि रडणं थांबलं बघा. आता बाबांनी दिलेलं एवढं तेल पाजलं की झालं," रुपाली म्हणाली. चमचा भरलेला होता.

"माझे किडे निघेपर्यंत थांब," म्हणत बाईंनी चमचा आणि बाटली काढून घेतली आणि त्या सरळ परातीपुढे जाऊन बसल्या.

"माई, जन्मोजन्मीचं पाप दाढेत साठतं," बाबा घुमले. चादर पडली, बिया तडतडल्या, चादर उठली. "हे बघा, अक्कलदाढेच्या मुळातून आलेत."

"अस्सं," म्हणत बाईंनी वरची आणि खालची कवळी काढून सगळ्यांना दाखवली आणि पुन्हा बसवली. "प्लॅस्टिकलाही पाप लागतं, हे आम्हाला शिकवलं नव्हतं."

त्यांनी उरलेल्या बिया स्वतःच विटेवर टाकल्या. वर कोणाचंच तोंड नव्हतं, तरी परातीत किडे पडले.

"रिंगणीच्या, त्या काटेरी रानझुडपाच्या बिया आहेत. तापल्या की फुटतात आणि आतला कोंब बाहेर पडतो. तेच तुमचे किडे."

"पण दुखणं थांबतं ना, डॉक्टरीणबाई?" मागून एक गृहस्थ म्हणाले.

"लवंगतेलाने हिरडी बधिर होते. आत पू वाढतच असतो. मसालेभातात लवंगा खुशाल घाला, पण चमचाभर तेल या पोरीच्या पोटात गेलं असतं तर आकडी आली असती, यकृत गेलं असतं. तेव्हा या महाराजांना कुठे शोधणार होतात?"

महाराज चादर गुंडाळत होते. रुपालीने अवनीला उराशी धरलं. "काकू, मी पाजणारच होते हो," ती कशीबशी म्हणाली.

"नाही पाजलंस. चल, आधी हॉस्पिटल."

बाटली परातीत ओतून बाई दाराशी थांबल्या. "अहो, दुखायचं थांबलं की लगेच हात जोडू नका. का थांबलं, ते आधी विचारा."

परातीभोवती अजून दोघेजण बोटं बुडवत होते. बाईंनी तोंड फिरवलं आणि रुपालीला व पोरीला घेऊन त्या रिक्षात बसल्या.