अर्न पेनबर्थीचा उजवा हातमोजा

मी एक जुना हातमोजा आहे. यष्टिरक्षकाचा, उजव्या हाताचा. ऑस्ट्रेलियात, ॲडलेडच्या क्रिकेट मैदानावरच्या संग्रहालयात, काचेच्या कपाटात पडून असतो. शेजारी डावा आहे. आमचं फारसं बोलणं नाही.

मित्रांनो, मला शिवलं तेव्हा आत अस्तर नावापुरतंच घातलं होतं. वेगवान चेंडू तळव्यावर बसला की हात सुजून यायचा. म्हणून त्या काळी आमच्याकडचे काही यष्टिरक्षक मोज्यात कच्च्या गोमांसाचा काप घालत. माझा मालक अर्न पेनबर्थी हा मूंटा गावच्या तांब्याच्या खाणीतला कामगार. सामन्याच्या सकाळी तो आधी खाटकाकडे जायचा. दुपारच्या उन्हात माझ्यातून लाल पाणी गळू लागायचं, आणि वासाचं तर विचारूच नका. स्लिपमध्ये उभा राहणारा जॅक नाक धरून म्हणायचा, "अर्न, जेवण करपतंय रे तुझं."

सहा हंगाम अर्नने राज्याच्या संघासाठी यष्ट्या सांभाळल्या. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. मला तो रोज तेल चोळायचा, त्यामुळे मी खुशीत होतो.

सातव्या हंगामात, शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या दिवशी सरावात त्याचं करंगळीशेजारचं बोट फाटलं, हाडही मोडलं. एक तरुण यष्टिरक्षक त्याच्या जागेवर टपून होता. जागा एकदा गेली की परत मिळत नाही, हे अर्नला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी त्याने बोटाला चिंधी गुंडाळली आणि मला चढवलं. सुजेमुळे मांसाला जागाच उरली नाही.

दुपारी मी लाल झालो. कर्णधार स्पर्लिंगने ते पाहिलं आणि हसला, कारण त्याला ते रोजचंच मांसाचं पाणी वाटलं. अर्नही हसला.

व्हिक्टोरियाची शेवटची जोडी खेळत होती. बॅटची कड घेऊन चेंडू सरळ माझ्यात आला. चामड्याने नुसतं समोर राहायचं. मिटायचं काम बोटांचं. ती मिटली नाहीत. झेल सुटला आणि त्याच फलंदाजाने सामना जिंकून नेला. प्रेक्षकांनी अर्नची हुर्यो उडवली.

आत गेल्यावर स्पर्लिंगने रागारागाने मला ओढून काढलं. मग त्याने ते बोट पाहिलं.

"सांगायचंस तरी," तो म्हणाला.

"सांगितलं असतं तर खेळवलं असतंस?"



अर्न राज्याकडून पुन्हा खेळला नाही. खाणीतही त्याला पहार नीट धरता येईना. पुढे कुणीतरी मला इथे आणून ठेवलं. दरवर्षी तेल लावतात. बघणारे म्हणतात, काय छान जपलाय.

एकदा अर्न आला. वाकडं बोट त्याने काचेवर ठेवलं. राखणदार म्हणाला, "आजोबा, हात लावू नका. जुनी वस्तू आहे." अर्नने हात खिशात घातला आणि निघून गेला. मला फार वाईट वाटलं.

मित्रांनो, मला जपता त्याचे उपकार आहेत. पण मोजा दुसरा शिवता येतो. आधी आतला हात बघत जा.