मला पांघरूण नको

मी एक जुना फड्या निवडुंग आहे आणि मित्रांनो, मला स्वस्थ बसता येत नाही. पाय नाहीत म्हणून काय झालं? माझी सगळी धडपड आतल्या आत चालते.

चेक देशातल्या मोरावियाच्या डोंगरातल्या एका गावात, घराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला टेकून मी वाढलो. त्या घरातल्या ओताकारनं मला एका मित्राकडून वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं, तेव्हा मी जेमतेम एक फडा होतो. त्यानं खडी आणि वाळूचा उंच वाफा केला आणि मला त्यात बसवलं. "बर्फात निवडुंग लावतोय, उद्या तळ्यात बटाटे लावशील," असं त्याची बायको ब्लाझेना म्हणाली. पण जूनमध्ये मला पिवळं फूल आलं, तेव्हा शेजारणींना हाताला धरून दाखवायला तीच आणायची.

आमच्या जातीची एक गंमत आहे. थंडीची चाहूल लागली की आम्ही अंगातलं पाणी कमी करतो. फडे सुरकुततात, मऊ पडतात, जमिनीला टेकतात. बघणाऱ्याला वाटतं, हा गेला. खरं तर तीच आमची तयारी असते, कारण अंगात पाणी कमी असलं की ते गोठून फडा फाटत नाही. थंडीला मी भीत नाही, मी भितो ओलीला. म्हणून दर शरद ऋतूत ओताकार एक काढून ठेवलेली जुनी काचेची खिडकी माझ्यावर तिरकी ठेवायचा, चारी बाजूंनी वारा खेळता ठेवून.

एका वर्षी झाडावरचे आलुबुखार काढताना तो शिडीवरून पडला आणि त्याचं कंबरेचं हाड मोडलं. तो इस्पितळात गेला आणि खिडकी शेडमध्येच राहिली.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडे सगळे थडग्यांवर दिवे लावतात आणि हिवाळ्यासाठी त्यांच्यावर फर नावाच्या सूचिपर्णी झाडाच्या फांद्या पसरतात. ब्लाझेना दफनभूमीतून परतली, तेव्हा तिच्याकडे फांद्या उरल्या होत्या. मी आडवा पडलेला बघून तिला वाटलं, थंडीनं हा गारठला. तिनं मला फांद्यांनी झाकलं, कडा नीट खोचल्या, वर पोतं टाकलं. किती मायेनं केलं होतं बिचारीनं! आणि मी आत गुदमरत होतो.

पाऊस झाला, बर्फ पडलं, वितळलं, सगळं पाणी त्या पोत्यात मुरलं. अंधारात मला दिवस कळेना. खालचा फडा तपकिरी पडू लागला. ओरडावंसं वाटत होतं, पण निवडुंगाला ओरडता कुठं येतं? मला भयंकर राग येत होता आणि तिच्यावर रागावताही येत नव्हतं.

एका दुपारी ती माझ्याजवळ उभी राहून फोनवर बोलत होती. ओताकारचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"आज तरी चाललास का?"

"दुखतं. माझा निवडुंग कसा आहे?"

"स्वतःचं सोडून त्याचंच विचारतोस. मस्त उबेत आहे. तुझ्या आईच्या थडग्यावर घातल्या, तशा जाड फांद्या घातल्यात."

"ब्लाझा, काढ त्या. कुजेल तो. खिडकी ठेव वर."

"बाहेर हौदाचं पाणी दगड झालंय, ओता. गोळ्यांनी डोकं फिरलंय तुझं."

"त्याचं फूल बघायला मी वाफ्यापर्यंत चालत येणार आहे, डॉक्टरला तसं सांगितलंय. तोच मेला तर कशाला उठू मी?"

फोन बंद झाला. ती तशीच उभी राहिली. आपल्या हातानं उघडं केलं आणि हा गारठून मेला, तर ओताला काय तोंड दाखवणार, असं ती स्वतःशीच पुटपुटत होती. मग तिनं पोतं ओढलं.

गार, कोरडा वारा अंगाला लागला आणि मला जीव आल्यासारखं वाटलं. तिनं सडलेला भाग सुरीनं कापला, खिडकी आणली. हातमोजे घालायचं विसरली होती, म्हणून माझी बारीक कुसळं तिच्या बोटांत शिरली. संध्याकाळभर ती चिमटा घेऊन बसली असेल. अर्धाच उरलो मी, पण उरलो.

जूनमध्ये मला एकच फूल आलं. ओताकार काठी टेकत आला, अंगात स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला लोकरीची टोपी, आणि ब्लाझेनानं त्याचं कोपर घट्ट धरलेलं. मित्रांनो, माया जरूर करा, पण कोणाला झाकण्याआधी त्याला काय हवंय ते एकदा विचारा. मला हे बोलता येत नाही. त्या दिवशी माझ्या वतीनं ओताकार बोलला.

"ब्लाझा, आता माझ्याही फांद्या काढ की."

ती हसली. तिनं टोपी काढली, शाल काढली. जरा वेळ घुटमळली आणि मग तिनं त्याचं कोपर सोडलं. उरलेली पावलं तो एकटा चालत माझ्यापर्यंत आला.