सरावाचं मृत्युपत्र

लुइझियानात माणूस एकदा नोटरी झाला की मरेपर्यंत नोटरी; मृत्युपत्रं, खरेदीखतंही तोच लिहून देतो. म्हणूनच असेल, परीक्षा अशी ठेवली आहे की दहा बसले तर आठ पडतात. आमच्या खाडीकाठच्या वाचनालयात या परीक्षेचं अधिकृत पुस्तक एकच, तेही दोन वर्षं जुनं. ते फुकट वाचायला येणाऱ्यांना मी वीस वर्षं काउंटरमागून पाहतो आहे. पहिल्या महिन्यात रंगीत पेनं येतात, दुसऱ्या महिन्यात पुस्तकावरच डोकं टेकतं, तिसऱ्या महिन्यात पेनं माझ्या हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात जमा होतात.

वेल्मा दुगा टिकली. वादळानंतर शाळा कायमची बंद झाली आणि शाळेच्या स्वयंपाकघरातलं तिचं काम गेलं. नवरा त्याआधीच बोटीवर वारला होता, मूलबाळ नव्हतं. घरी होता सासरा, युलिस. चौऱ्याऐंशी वर्षांचा, जन्मभर कोळंबी पकडलेला आणि आता ऑक्सिजनच्या नळीला बांधलेला. त्याला एकटं सोडून बाहेर कामाला जाणं शक्य नव्हतं. घरच्या टेबलाशी बसून करता येईल असं काम म्हणजे नोटरीचंच.

घर युलिसच्या नावावर होतं, आमच्याकडची सगळी घरं असतात तसं खांबांवर उचललेलं. तीन वर्षांपूर्वी त्याने दोन साक्षीदारांसमोर रीतसर मृत्युपत्र करून घर वेल्माला ठेवलं होतं. धाकटा मुलगा कर्टिस ह्यूस्टनला असायचा. बापलेकांचं बोट विकण्यावरून भांडण झालं होतं. त्यानंतर कर्टिस नाताळला फोन करायचा, आणि नाताळ विसरला तर ईस्टरला.

अभ्यासाची रीत वेल्माला मी सांगितली. सांगायला मला कुणी नेमलं नव्हतं, पण फुकट सल्ला हीदेखील वाचनालयाची सेवा आहे असं मी धरून चालतो. जुनं पुस्तक घरी ने, म्हटलं. मधल्या दोन वर्षांत कायद्यात काय बदललं ते सरकारच्या साइटवर फुकट मिळतं, ते समासात पेन्सिलीने लिही. इथे रोज दहा पानं छापून घ्यायला पैसे पडत नाहीत, त्यावर जुने प्रश्न काढ. आणि मुख्य म्हणजे वाचू नकोस. पुस्तक मिट, कोरा कागद घे आणि दस्तऐवज पहिल्या ओळीपासून लिही. वर "सराव" असं लिहायचं नाही, खोटी नावं घालायची नाहीत, तारीख त्या दिवसाचीच. लुटुपुटूचा कागद लिहायची सवय लागली की परीक्षेतही हात तसाच चालतो.

हे शेवटचं माझं मलाच फार आवडलं होतं. आणखी दोघांना ऐकवलंही होतं.

वेल्माने ते मनावर घेतलं. महिन्याभरात न्हाव्याची खुर्ची चर्चला दान झाली आणि चर्चची घंटा बर्फाच्या कारखान्याला विकली गेली. माझ्या कुत्र्याला पालक नेमला गेला. सह्या मात्र कुणी केल्या नाहीत. आमच्याकडचे लोक थट्टा मोकळेपणाने करतात, सही जपून करतात.

मग स्वहस्ते लिहिलेल्या मृत्युपत्राचा धडा आला. आमच्या कायद्यात त्याला साक्षीदार लागत नाहीत, नोटरीसुद्धा लागत नाही. सगळा मजकूर मालकाच्या हातचा हवा, तारीख हवी, सही हवी. म्हणजे वेल्माने स्वतः लिहून उपयोग नव्हता. तिने युलिसच्या हातात पेन दिलं.

दुसऱ्या दिवशी पुस्तकाची मुदत वाढवायला आली तेव्हा ती हसत सांगत होती. म्हाताऱ्याने विचारलं, घर कुणाला देऊ? ती म्हणाली, कुणालाही द्या. त्याने कर्टिसचं नाव लिहायला घेतलं.

"का हो, पपा? माझं काय चुकलं?"

"तुला खरं मिळणारच आहे, शा." आमचे म्हातारे लाडाने सगळ्यांनाच शा म्हणतात. "त्याला बिचाऱ्याला कागदावर तरी मिळू दे."

आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द, ही ओळ तिने त्याच्याकडून घालून घेतली, कारण ती राहिली तर गुण जातात. तारीख आणि सही झाल्यावर पुस्तकाशी ताडून पाहिलं. एकही चूक नव्हती.

वेल्मा पहिल्या प्रयत्नात पास झाली. शिक्का आला तेव्हा युलिसने तो मागून घेतला आणि पांघरुणावर उठतो का ते पाहिलं. त्यानंतर सतरा दिवसांनी तो गेला.

दफनानंतरच्या दुपारी मी त्यांच्याकडे भाताचं भांडं घेऊन गेलो. अशा वेळी प्रत्येकजण भातच नेतो, त्यामुळे ओट्यावर सहा भांडी होती. कर्टिस टेबलाशी बसला होता. त्याच्यापुढे गळ आणि दोऱ्या ठेवायची बापाची पत्र्याची पेटी होती. बोटीचे कागद, लग्नाचा दाखला आणि घराचा विमा यांच्यामध्ये त्याला ते पान सापडलं होतं.

"त्यांनी माझं नाव लिहिलंय," तो म्हणाला. डोळे पुसायचंही त्याला भान नव्हतं. "दहा वर्षं मला वाटत होतं, त्यांनी मला टाकलं."

वेल्मा ओट्याशी उभी होती. तिचा चेहरा मला दिसला, आणि मग मीच बोललो. तो सरावाचा कागद आहे, म्हटलं. प्रश्न मी छापून दिला होता.

कर्टिसने पान उलटसुलट केलं. "सराव असं कुठं लिहिलंय?"

कुठंच लिहिलेलं नव्हतं. माझी शिकवण तंतोतंत पाळली गेली होती.

"आणि सरावाचा कागद ते बोटीच्या कागदांत कशाला ठेवतील?"

मी वेल्माकडे पाहिलं. बाकीचे सरावाचे कागद तिने चुलीशेजारच्या टोपलीत टाकले होते. हा एक युलिसने कधी उचलला, हे तिला ठाऊक नव्हतं.

कर्टिस वाईट माणूस नव्हता. त्याने पान तिच्यापुढे सरकवलं. "तू पास झालीस ना, वेल्मा? मग तूच सांग. चालेल की नाही?"

तिने हात पुसले आणि बसून वाचलं. मग पुन्हा वाचलं, बोट ओळीखाली ठेवून, परीक्षेत वाचतात तसं.

"चालेल," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मी तिला वकिलाकडे नेलं. तो म्हणाला, लढता येईल, दोन वर्षं लागतील, पण म्हाताऱ्याने हे थट्टेत लिहिलं असं कोर्टात शपथेवर सांगावं लागेल.

"थट्टेतच लिहिलं," मी म्हणालो.

"लिहिताना थट्टाच होती, मिस्टर लायनेल," वेल्मा म्हणाली. "ठेवताना काय होतं, ते मला माहीत नाही. माहीत नसलेल्याची शपथ कशी घेऊ?"

हेही पुस्तकात आहे, पहिल्याच प्रकरणात.

स्वहस्ते लिहिलेलं मृत्युपत्र कोर्टात मंजूर करून घ्यायला अक्षर ओळखणाऱ्या दोघांची शपथपत्रं लागतात. युलिसचं अक्षर गावात दोघांनाच नीट माहीत होतं. एक वेल्मा. दुसरा मी, कारण वीस वर्षं तो माझ्याकडे भरती-ओहोटीचं पंचांग मागणाऱ्या चिठ्ठ्या लिहायचा. शपथपत्रांचा मसुदा वेल्मानेच केला. बाहेर करायचा तर फी पडली असती. ती स्वतःच शपथ घेणार, म्हणून शिक्का मात्र बँकेतल्या नोटरीचा.

बँकेत तिने आधी सही केली, मग कागद माझ्याकडे वळवला.

"पूर्ण नाव लिहा, मिस्टर लायनेल. नुसती आद्याक्षरं नकोत."

मी पूर्ण नाव लिहिलं. तारीख त्या दिवसाचीच घातली.