बासचं शिंग

"वायर लावा ना काका. अशी बिनवायरची घरघर कशी कळणार?" दर्पण म्हणाला.

"कळते," कुंदन म्हणाला.

त्यानं दर्पणचा बास गिटार मांडीवर उभा धरला. बासच्या धडाला मानेजवळ दोन टोकं असतात. वरचं टोक लांब असतं, त्याला वाजवणारे शिंग म्हणतात. कुंदननं ओठ मागे घेतला, शिंगाचं टोक खालच्या दातांवर टेकवलं आणि अंगठ्यानं जाडी तार हलकी छेडली. खोलीत कुणालाच काही ऐकू आलं नाही. कुंदननं मात्र डोळे मिटून डोकं हलवलं.

"मानेवरची पाचव्या घराची पट्टी उचललीय," तो म्हणाला. "तार तिच्यावर घासते."

"एकदाच हां," आतल्या दारात जवळा निवडत बसलेली साखरबाई म्हणाली. "परत नको."

"अगं साखरबाय, एवढ्या आवाजानं माशी पण उठायची नाय," रामनाथ म्हणाला.

"माशीला सुतक नसतं."

रामनाथ हसला. साखरबाईपुढे त्याचं लहानपणापासून काही चालत नसे. दोघंही दातिवऱ्याचे. कुंदनही तिथलाच, साखरबाईचा धाकटा भाऊ. होडी सोडून तो बोईसरला कंपनीत फिटर म्हणून लागला आणि सालवडला दोन खोल्या घेऊन राहिला. रामनाथ कीबोर्ड वाजवायचा. कंपनीतल्या आणि गावातल्या पाच-सहा जणांना घेऊन त्यांनी एक हौशी बँड-पार्टी केली होती. कुणाच्या घरी हळद असली की पार्टी जायची. जेवण मिळायचं, कौतुक व्हायचं, दुसऱ्या दिवशी सगळे डोळे चोळत पहिल्या पाळीला हजर. कुंदन त्यांचा बासवाला.

गेल्या श्रावणात कुंदनची बायको जयवंती गेली. तापाचं निमित्त झालं. तेव्हापासून घरात वाद्य वाजलं नव्हतं. वर्षश्राद्ध झालं की माहीमहून जयवंतीचा भाऊ येणार, कुंदनला टॉवेल-टोपी देऊन दुखवटा काढणार आणि मग वाद्याला हात लावायचा, अशी त्यांच्याकडची रीत. तोवर दुरुस्ती चालेल, असं साखरबाईनंच ठरवून दिलं होतं. दुरुस्ती म्हणजे काम. वाजवणं म्हणजे हौस. पण दुरुस्त झालं की नाही हे बघायचं तर तार छेडावीच लागते. तेवढ्यापुरतं ती दर वेळी "एकदाच हां" म्हणायची.

कुंदननं स्टीलची फूटपट्टी बासच्या मानेवरच्या पट्ट्यांवर ठेवून हलवून पाहिली. ती जिथे डुगडुगली तिथे त्यानं बोट ठेवलं.

"ही बघ. तू दणके देतोस ना अंगठ्यानं?"

"ती स्टाईल आहे काका. स्लॅप म्हणतात."

"आमच्याकडे तिला बैल बसलाय वाद्यावर असं म्हणतात," रामनाथ म्हणाला. "परवा केळव्याला हळदीत ह्यानं असला बास वाजवला, नवरीची मावशी विचारते, जनरेटर बिघडला काय?"

दर्पणही हसला. तो अठ्ठावीस वर्षांचा, औषधांच्या कंपनीत ऑपरेटर, सध्या पार्टीत कुंदनच्या जागी बास वाजवायचा. मोबाइलवर परदेशी वादकांचे व्हिडिओ बघून शिकलेला. बोटं चपळ होती. गाण्यात रिकामी जागा दिसली की त्याला राहवत नसे, तिथे सूर भरायचा.

"काका, तुम्ही काय ऐकता?" त्यानं विचारलं. "आवडीचा बासवाला कोण तुमचा?"

"कमी वाजवणारा," कुंदन म्हणाला आणि नायलॉनच्या हातोडीनं पट्टी हळूहळू ठोकून बसवू लागला.

रामनाथनं घसा साफ केला. तो कशासाठी आला होता ते आता बाहेर आलं.

"कुंदन, येत्या गुरुवारी माझ्या पुतण्याची हळद हाय. तुला ये म्हणत नाय, मला कळतं. पण तुझा बास दे. ह्याच्या डब्यात दम नाय. तुझ्या बासवर सगळं गाणं बसतं बघ."

कुंदननं हातोडी थांबवली. उत्तर साखरबाईनं दिलं.

"दुखवट्याच्या घरातलं वाद्य हळदीच्या मांडवात नेतोस? नवऱ्या पोराच्या आईला विचारलंस?"

"माझी वयनीच हाय ती."

"मंग विचार तिला. ती हो म्हणाली तर मी माझ्या हातानं काढून देते."

वहिनी काय म्हणेल ते रामनाथलाही ठाऊक होतं.

"आहे कुठे तो बास?" दर्पणनं विचारलं.

कुंदननं नुसती मान वर केली. छताच्या पत्र्याखालच्या फळीवर पत्र्याची जुनी पेटी होती आणि तिच्या शेजारी हिरव्या लुगड्यात गुंडाळलेलं लांब गाठोडं.

"तारा उतरवून ठेवलाय ना?"

कुंदननं हातोडी पुन्हा उचलली.

"काका, तारा ताणलेल्याच आहेत? पत्र्याखाली? श्रावणापासून?" दर्पण उठून उभाच राहिला. "मला तर तुम्ही दम दिला होता, आठवडाभर गावी जायचं तरी तारा सैल कर म्हणून. मान वाकली असेल."

"बस खाली," रामनाथ म्हणाला.

"नाही, पण आता हे ऊन. मग पाऊस. वर्षश्राद्धापर्यंत काय राहणार त्याचं?"

"तुझा झाला," कुंदन म्हणाला आणि त्याचा बास त्याच्या हातात दिला. "दणके कमी दे."

दोघं गेले. साखरबाईनं निवडलेला जवळा डब्यात भरला आणि हात धुतले. पाट्यावर मिरची वाटायला बसली. ओट्यावर मिक्सर होता, जयवंतीनं हौसेनं घेतलेला. साखरबाई त्याला हात लावत नसे. म्हणायची, "मेल्यानं कान फुटतात. बाजूच्या चार घरांना कळतं आज चटणी हाय म्हणून."

कुंदन कॉटवर आडवा झाला. सुट्टीचा दिवस. पत्रा तापून कडकड वाजत होता. आडवं झालं की नजर सरळ त्या गाठोड्यावरच जायची. गेले कित्येक महिने जात होती.

दर्पणनं सांगितलं त्यात त्याला नवीन काही नव्हतं. बासच्या चार तारा माणसाच्या वजनाएवढा ताण मानेला देतात. मानेच्या पोटात एक लोखंडी सळी असते, ती उलट ताण धरते, म्हणून मान सरळ राहते. समुद्राची हवा सळीला गंजवते, ऊन लाकडाला हलवतं. हे तो दुसऱ्यांना सांगत आला होता. दहाव्याला तो खाडीवरून डोकं भादरून परत आला, तर साखरबाईनं घर पुसून घेतलं होतं आणि बास जयवंतीच्या लुगड्यात बांधून वर टाकला होता. तिच्या मते तिनं वाद्याचा मान राखला होता. तेव्हा त्याच्या तोंडापर्यंत आलं होतं, बाय, तारा सैल करायच्या राहिल्या. पण तिनं गाठ मारली होती, घर माणसांनी भरलेलं होतं, आणि अशा दिवशी गिटारची काळजी करणारा नवरा कसला, असं त्याचं त्यालाच वाटलं. मग तो दिवस गेला. दुसऱ्या दिवशी सांगणं जास्त अवघड होतं. पुढे तर साखरबाई शेजारच्या पारूला, पाणीवाल्याला, येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली, "वर्षभर गाठ सोडणार नाय आमी." आमी म्हणताना त्यात तोही आला.

आणि तिचं तरी काय. दातिवऱ्याला तिचं घर, मासे सुकवायच्या वलांड्या, सगळं तिची सून एकटी बघत होती. भावाला वर्षाच्या आत एकटं टाकून आली म्हणतील, म्हणून ती इथे दोन खोल्यांत कंपन्यांचा वास घेत बसली होती. तिच्याच गावात गुरुवारी हळद, पण ती जाणार नव्हती. दुपारी तिचा हात रिकामा झाला की ती दारात जाऊन पश्चिमेकडे तोंड करून उभी राहायची. तिकडे गोडाऊनच्या भिंतीशिवाय काही दिसत नव्हतं. कुंदनला तिला जा म्हणता येत नव्हतं, तिला जाते म्हणता येत नव्हतं.

"पारूकडे पापड लाटायला चाललेय," साखरबाई म्हणाली. "भात झाकून ठेवलाय."

तिच्या चपलांचा आवाज गेला. कुंदन थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग उठला, स्टुलावर चढला आणि गाठोडं खाली घेतलं.

लुगड्याची गाठ घट्ट बसली होती. दातांनी सैल करावी लागली. लुगड्याला अजून डांबराच्या गोळीचा वास होता, आणि त्याखाली जयवंतीचा असा काहीच नव्हता, कितीही नाकाशी धरलं तरी.

बासची मान वाकली होती. उन्हात ठेवलेल्या वल्ह्यासारखी मधून पुढे आली होती. तारांखालून मधोमध करंगळी सहज गेली. त्यानं हत्यारांच्या पेटीतून किल्ली काढली, सळीच्या तोंडात बसवली आणि श्वास रोखून फिरवली. किंचित फिरली. मग अडकली. आणखी जोर लावला तर तुटणार, हे हाताला कळलं. कंपनीत असे शेकडो गंजलेले नट त्यानं सोडवले होते, कुठे थांबायचं ते हातच ठरवायचा. त्यानं किल्ली काढून ठेवली.

मग बास कुशीवर वळवताना त्याला शिंग दिसलं.

शिंगाच्या टोकाला पॉलिश उडालं होतं आणि लाकडात दोन छोटे खड्डे होते. जयवंतीचे.

ती कापडाच्या कंपनीत मागांच्या खात्यात होती, दिवसभर खडखडाटात. लग्न झालं तेव्हा तिला चांगलं ऐकू यायचं. मग हळूहळू तिच्याशी मोठ्यानं बोलावं लागायला लागलं, मग तोंडासमोर उभं राहून, मग हातवारे करून. गाणं गेलं, टीव्ही गेला, दारावरची कडी गेली. एकदा संध्याकाळी तो पाळीवरून येऊन सराव करत होता आणि ती कशाला तरी त्याच्याजवळ वाकली, तेव्हा तिची हनुवटी बासला लागली. ती तिथेच थांबली.

"हे येतं," ती म्हणाली.

"काय येतं?"

"येतं. हाडात येतं. थांबू नको."

मग ती रोजच शेजारी जमिनीवर बसायला लागली, मान वर करून, शिंग दातांत धरून. कुंदन म्हणायचा, "अगं, ऊस हाय काय तो, चावतेस?" ती ओठ वाचून हसायची, पण शिंग सोडायची नाही. त्यानं जलद काही वाजवलं की तोंड बाजूला करायची. "दाताला खाज सुटते. संथ वाजव." कमी वाजवायला तो असा शिकला. हळदीच्या गाण्यांतले चार सूर, एकेक सूर पूर्ण विझेपर्यंत धरायचा. पार्टीतले म्हणायचे, कुंदनच्या बासवर गाणं बसतं. कशामुळे ते त्यांना माहीत नव्हतं.

त्यानं खुंट्या पिळायला सुरुवात केली. बारीक तार आधी. खुंटी करकरली. तार सैल झाली, तसा मानेतून एक बारीक आवाज आला, माणूस झोपेत कूस बदलतो तसा. दुसरी तार. तिसरी.

"काय करतोस?"

साखरबाई दारात उभी होती. हाताला पिठी लागलेली. लाटणं घरीच विसरलं म्हणून ती परत आली होती.

कुंदन उठला नाही. "तारा उतरवतोय, बाय. वाजवत नाय."

"गाठ सोडलीस."

"सोडली. सोडली नसती तर मोडला असता. मोडलाय जवळजवळ."

ती आत आली. चप्पल काढायची राहून गेली. वाकलेली मान तिला कळली की नाही कोण जाणे, पण बास तिनं डोळे बारीक करून वरपासून खालपर्यंत बघितला. शिंगापाशी तिची नजर थांबली. तिनं पिठीचं बोट त्या खड्ड्यांवर ठेवलं.

"उंदरानं कुरतडलं? वर उंदीर हायत, मी सांगत होते."

"उंदीर नाय," कुंदन म्हणाला. "जयवंती."

साखरबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग त्यानं ओठ मागे घेऊन शिंग दातांपाशी नेऊन दाखवलं. सकाळी दर्पणच्या बासवर हेच करताना तिनं त्याला बघितलं होतं, आजवर कितीदा बघितलं होतं.

"म्हणजे ती अशी ऐकायची…" साखरबाई म्हणाली.

तिनं बोट बाजूला घेतलं. खड्ड्यांत थोडी पिठी राहिली होती, ती पदराच्या टोकानं पुसून काढली. खाली पडलेलं लुगडं उचललं, झटकलं, चार पदरी घडी घातली आणि कॉटवर ठेवली.

"परत वर नको ठेवू," ती म्हणाली. "पत्रा तापतो. कॉटखाली ठेव. बांधू पण नको, नुसतं झाक."

"बरं."

"ती जाडी तार राहिली."

"उतरवतो."

ती आतल्या खोलीकडे वळली. दारात जरा थांबली, पाठमोरीच.

"हळदीला तू गेलीस तरी चालेल, बाय," कुंदन म्हणाला. "मी राहीन एकटा."

"जायचं ते श्रावणात बघू," ती म्हणाली आणि आत गेली.

कुंदननं जाड्या तारेच्या खुंटीवर हात ठेवला. पिळली नाही. आत भांड्याचा आवाज झाला, खटका दाबल्याचा आवाज झाला आणि एकदम मिक्सर सुरू झाला. मोठ्यानं, घरभर, पत्र्यापर्यंत. भिंतीवरचं घड्याळ थरथरलं. दारातून त्याला साखरबाईची पाठ दिसत होती. एका हातानं तिनं झाकण दाबून धरलं होतं आणि तोंड भिंतीकडे होतं.

त्यानं बास मांडीवर उभा धरला. शिंग दातांत घेतलं. जयवंतीचे दात बारीक होते, त्याचे त्या खड्ड्यांत नीट बसले नाहीत. त्यानं अंगठ्यानं जाडी तार छेडली. कानाला काही आलं नाही, मिक्सरनं दुसरं काही येऊच दिलं नसतं. हाडात मात्र आलं. तो सूर विझेपर्यंत थांबला, मग दुसरा.

आत मिक्सर चालूच होता. पाट्यावरची वाटलेली मिरची तशीच पाट्यावर होती, भांडं रिकामंच फिरत होतं.